एका जुन्या फोटोचा पत्ता

जुन्या घरांतल्या भिंती आठवून पाहा. दाराच्या वर, लाकडी पट्टीवर, थोड्या पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरींची एक रांग असे. आधी देव, मग घरातले गेलेले वडीलधारे, आणि जागा उरलीच तर शेवटी एखादा 'ग्रुप फोटो'. शाळेतला, क्रिकेट क्लबातला, नाहीतर कचेरीतल्या निरोपसमारंभाचा. मधे खुर्च्यांवर बसलेली मोठी माणसे, मागे उभी मंडळी, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेले तरुण. त्यातला एक आपला. बाकीचे कोण, हे कोणी विचारीत नाही. दर दिवाळीला काच पुसायची आणि फोटो पुन्हा खिळ्याला लावायचा.

पुढे केव्हातरी घर पाडून तेथे फ्लॅट बांधायचे ठरते, तसबिरी खाली उतरतात, आणि कोणीतरी विचारतो, "हा फोटो कुठला हो?" त्या वेळी उत्तर देणारे माणूस घरात उरलेले नसते. निदान तशी समजूत तरी असते.

अशा एका फोटोचा पत्ता कसा लागला, ती हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. फोटो नागपुरातल्या, महालातल्या एका घरचा. त्या घरचा नातू माझा जुना विद्यार्थी. त्याच्या आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त घरच्या मंडळींनी एक लहानशी पुस्तिका छापायचे ठरवले होते. पहिल्याच पानावर हा फोटो, आणि खाली ओळ : 'अण्णा विलायतेतील प्रयोगशाळेत, १९३८.' छापखान्यात देण्यापूर्वी "सर, एकदा नजर टाका," म्हणून तो माझ्याकडे आला.

मी इतिहास शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध रेडिओचे बटन फिरवण्यापलीकडे गेलेला नाही. पण जन्मसालावरून वय काढता येते. अण्णांचा जन्म १९२५ चा; म्हणजे १९३८ साली ते तेरा वर्षांचे होते. फोटोत ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले ते गृहस्थ चांगले मिशीवाले, पंचविशी ओलांडलेले. हे मी म्हटले तेव्हा नातू म्हणाला, "मग साल चुकलं असेल, सर. पण विलायत नक्की." त्यावरून माझ्या ध्यानात आले की घरच्यांना सालाचे फारसे काही नव्हते. जपायची होती ती विलायत.

आता फोटो कसा आहे ते सांगतो. ज्याला पूर्वी हाफ प्लेट म्हणत त्या आकाराचा, म्हणजे पावणेपाच इंच रुंद आणि साडेसहा इंच लांब. काचेच्या प्लेटवरून थेट कागदावर उतरवलेला. असा ठसा मोठा केलेला नसतो, त्यामुळे त्यात बारकावे विलक्षण टिकून राहतात. भिंग लावले तर सदऱ्याची बटणे मोजता येतात. खोली लांबट आहे. चार लाकडी टेबले, त्यांवर यंत्रे, मागे भिंतीवर काळा फळा. अकरा माणसे. दोघे खुर्चीवर, कोट-टाय घातलेले. आठ तरुण त्यांच्या मागे-पुढे, त्यांतलेही बहुतेक कोटात. आणि अगदी उजव्या टोकाला, रांगेपासून हातभर दूर, नुसत्या सदऱ्यात उभे असलेले अण्णा.

अशा फोटोंना स्टुडिओवाले जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवीत आणि खाली पुठ्ठ्यावर संस्थेचे नाव, साल व प्रत्येकाचे नाव छापून देत. या फोटोखालीही ते असणार. पण कोण्या फ्रेमवाल्याजवळ मापाची फ्रेम नसावी. त्याने चारी बाजूंनी पुठ्ठा कापून फोटो बसवून दिला. नावे गेली कातरणात. श्रोते हो, आपल्या देशातला किती इतिहास उधईने खाल्ला आणि किती फ्रेमवाल्यांनी कापला, याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडायला हवा.

तर मग विलायत आली कोठून? घरच्यांजवळ तीन पुरावे होते. पहिला, फोटोच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात '३८' हा आकडा. दुसरा, एका टेबलाच्या पायावर रंगवलेली इंग्रजी अक्षरे, जी.ई.सी. नातवाने शोध घेतला तेव्हा त्याला कळले की जनरल इलेक्ट्रिक कंपनी या नावाची मोठी विलायती कंपनी होती, आणि लंडनजवळ वेम्ब्ली येथे १९२३ पासून तिची संशोधनशाळा होती. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नावाच्या व्हॉल्व्हचे महत्त्वाचे काम तेथे झाले. झाले! अण्णा रडारवर होते, असे घरात पक्के झाले. तिसरा पुरावा अण्णांच्याच तोंडचा. ते म्हणत असत, "विलायतेची यंत्रं माझ्या हाताखाली होती."

पहिला पुरावा लगेच गेला. काचेच्या प्लेटवर काळ्या शाईने काही लिहिले तर कागदावर ते पांढरे उमटते. छायाचित्रकार आपल्या प्लेटांना असे अनुक्रमांक घालीत, पुन्हा प्रती मागितल्या तर सापडाव्यात म्हणून. '३८' हे साल नव्हे, प्लेटीचा नंबर.

दुसऱ्याकडे वळण्यापूर्वी खोलीकडे पाहू. अकराही चेहरे आपल्याकडचे आहेत. एवढ्यावरून विलायत खोटी ठरवावी, असे कोणालाही वाटेल; पण ते पुरेसे नाही. महायुद्धाच्या काळात ब्रिटनचे मजूरमंत्री बेव्हिन यांच्या नावाने एक योजना होती. तिच्याखाली १९४१ पासून हिंदी कारागिरांच्या तुकड्या तिकडे शिक्षणासाठी जात. तेव्हा सगळे हिंदी चेहरे एका विलायती खोलीत असणे अशक्य नव्हते. भिंतीवरच्या विजेच्या खटक्यांचेही तसेच. प्लगची भोके गोल, तीन पायांची. नातू म्हणाला, "हे तर आपल्याकडचंच!" खरे आहे, पण आपल्याकडे ते आले विलायतेतून. गोल पायांच्या प्लगचे ब्रिटिश प्रमाण १९३४ चे, आणि तिकडे चौकोनी पायांचे प्लग आले ते १९४७ पासून. म्हणजे गोल भोकांवरून अमेरिका बाद होते, इंग्लंड होत नाही.

इंग्लंडला बाद केले ते पंख्याने. छतापासून लांब दांडीवर उतरलेला तीन पात्यांचा पंखा, उंच भिंतीत छताजवळ झरोके, आणि सतरंजीवर बसलेल्या एकाच्या पायात चपला. दुसऱ्या एकाच्या कपाळाला गंध. वेम्ब्लीच्या थंडीत चपला घालून कोणी फोटोला बसत नाही.

आता काळ. येथे मला माझ्या एका स्नेह्याची मदत झाली. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले हे गृहस्थ. फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, "माणसं सोडा, मला व्हॉल्व्ह दाखवा."

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. हवा काढून घेतलेली काचेची नळी, आत तापणारी तार, तिच्यातून निघणाऱ्या विद्युत्कणांचा प्रवाह कमीजास्त करणारी जाळी. फ्लेमिंग यांनी १९०४ साली पहिला दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, डी फॉरेस्ट यांनी दोन वर्षांनी त्यात जाळी घातली. पुढे चाळीस-पन्नास वर्षे रेडिओ, टेलिफोन, रडार, सारे या काचेच्या नळ्यांवर चालले. आणि गंमत अशी की दर काही वर्षांनी त्यांचा आकार बदलत गेला. म्हणून नाण्यांवरून जसा राजा ओळखतात तसा व्हॉल्व्हवरून काळ ओळखता येतो. जुने व्हॉल्व्ह दुधीभोपळ्यासारखे, खांदे असलेले, खाली काळ्या बेकलाइटचे बूड. आठ पायांचे बूड १९३५ साली अमेरिकेत आले. बूड अजिबात नसलेले, बोटाएवढे, काचेतूनच तारांचे सात पाय बाहेर आलेले व्हॉल्व्ह तेथेच १९४० च्या आगेमागे निघाले. नऊ पायांचे त्याहून उशिरा, युद्ध संपल्यावर.

आमच्या फोटोत दोन्ही आहेत. शिकवण्याच्या पाट्यांवर आठ पायांचे जाडे व्हॉल्व्ह, आणि पुढच्या टेबलावर उघड्या ठेवलेल्या एका यंत्रात बोटाएवढ्यांची रांग. स्नेही म्हणाले, "हे युद्धानंतरचं. आपल्याकडे पोचायला आणखी दोनचार वर्षं धरा." ट्रान्झिस्टर कोठे दिसत नाही. तो १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला, पण आपल्याकडच्या शिकाऊ टेबलांवर यायला बराच काळ गेला. एका गाड्यावर वाटोळ्या काचेचा ऑसिलोग्राफ आहे, आणि प्रत्येक टेबलावर दोन गोल चकत्यांचा काळा मीटर, ज्याला जुने लोक 'ॲव्हो' म्हणत. तो मीटर पाहून स्नेह्यांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांचा वर्गमित्रच फोटोत सापडला. पण ॲव्होवरून काळ काढायला त्यांनी नकार दिला. त्याचे रूप, म्हणाले, वर्षानुवर्षे फारसे बदललेच नाही.

नातवाचा एक चुलतभाऊ संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने फोटो पाहून सुचवले, "हा पहिला भारतीय कॉम्प्युटर तर नसेल?" मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचे यंत्र १९६० साली चालू झाले, त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. पण ते उभ्या कपाटांत बसवलेले एक अवाढव्य यंत्र. आपल्या फोटोत चार टेबलांवर चार सारखे संच आहेत. शेजारच्या एकांना वाटले, हे आपले आकाशवाणीचे नागपूर केंद्र. हे केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झाले, तेव्हा काळ जमतो. पण रेडिओ केंद्रात फळा कशाला?

स्नेह्यांनी मग एक साधी कसोटी सांगितली, ती मला फार आवडली. संशोधनाच्या जागी प्रत्येक वस्तू एकेक असते. कारखान्यात एकच वस्तू शेकड्यांनी असते आणि मोजणारी यंत्रे थोडी. रेडिओ केंद्रात सगळे जागच्या जागी पक्के बसवलेले असते. आणि जेथे एकाच प्रयोगाचे चार संच चार टेबलांवर मांडलेले असतात, तेथे मुले शिकतात. फळ्यावर व्हॉल्व्हची आकृती होती आणि खाली अनुनादाचे सूत्र. म्हणजे वर्ग.

आता जी.ई.सी. टेबलाच्या पायावर कंपनी आपले नाव कशाला रंगवील? पायावर नाव रंगवते सरकार, आणि खाली नंबर घालते. जडसामानाच्या नोंदवहीत टेबल मोजता यावे म्हणून. माझ्या स्वतःच्या नोकरीत मी अशी कितीतरी टेबले पाहिली आहेत. तेव्हा 'जी' म्हणजे गव्हर्नमेंट. 'ई.सी.' म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेज. विलायती कंपनी आणि आपले सरकारी कॉलेज, दोघांची आद्याक्षरे एकच!

एका टेबलाखाली लाकडी खोका होता, त्यावरच्या पत्त्यातली फक्त शेवटची दोन अक्षरे दिसत होती, बाकीची कोणाच्या तरी पँटीमागे. एम.पी. नातवाने ती आधीच पाहिली होती आणि सोडून दिली होती. "अण्णा भोपाळला कधी गेलेच नाहीत," तो म्हणाला.

येथे मात्र इतिहासाच्या अध्यापकाला बोलायला जागा मिळाली. आज मध्यप्रदेश म्हटले की भोपाळ डोळ्यांपुढे येते. पण २६ जानेवारी १९५० पासून १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी आपले नागपूर होते. त्याआधी या प्रांताचे नाव सी.पी. अँड बेरार. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. एखादा नागपूरकर महालातल्या एकाच खोलीत बसून दहा-अकरा वर्षांत चार राज्यांत राहून आला, म्हणा ना! आपल्याकडच्या जुन्या कागदांवरचे, शिक्क्यांवरचे, खोक्यांवरचे राज्याचे नाव पाहिले तर काळाची एक कड हाती लागते. येथे ती लागली : १९५० च्या अलीकडे.

आणि त्या मध्यप्रदेशात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज होते कोठे? नागपुरात नव्हते. आपले विश्वेश्वरय्या कॉलेज निघाले १९६० साली. प्रांताचे कॉलेज होते जबलपूरला. ७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याच्या अवघे पाच-सहा आठवडे आधी, ते सुरू झाले. टेलिकम्युनिकेशन हा विषय तेथे सुरुवातीपासून शिकवला जाई, प्रा. एस. पी. चक्रवर्ती यांनी त्याचा पाया घातला. या विषयाचे इंजिनिअरिंगचे शिक्षण देशात प्रथम आपल्याकडे सुरू झाले, असे ते कॉलेज आजही अभिमानाने सांगते. जबलपुरातच हे व्हावे याला कारण होते. सैन्याच्या सिग्नल दलाचे शिक्षणकेंद्र युद्धापूर्वीपासून तेथे. पोस्ट आणि तार खात्याचे शिक्षणकेंद्र १९४२ पासून तेथे. बिनतारी आणि तार यांची विद्या त्या गावात आधीच नांदत होती.

मग फोटो या तिघांपैकी कोणाचा? सैन्याचा असता तर एकतरी वर्दी दिसती. तार खात्याचा असता तर टेलिफोन एक्स्चेंजच्या चौकटी, मोर्सचे खटके दिसते. टेबलाच्या पायावरची अक्षरे, चार सारखे संच, फळा, एका वयाची आठ मुले. सारे कॉलेजकडे बोट दाखवीत होते.

एवढे झाले आणि मी नातवाला एक साधा प्रश्न विचारला. "तुझ्या आजी आहेत ना?"

आहेत. नव्वदीला आलेल्या. आतल्या खोलीत असतात. त्यांना कोणी फोटो दाखवला होता का? "आजीला कमी दिसतं, सर," तो म्हणाला. मी म्हटले, "कमी दिसतं ना? कमी आठवतं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मोठा केलेला फोटो आजींच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला, आणि नातवाकडे वळून म्हणाल्या, "विलायत काहून रे बापा? हे तर जबलपूर. हा बघ नं, खिशात पेचकस. तो काही सुटायचा नाही त्यांचा."

मग जे निघाले ते तासभर थांबेना. छोट्या लाईनची गाडी, गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला पोचणारी. आता तेथे मोठी लाईन झाली आहे. नर्मदेवरचा ग्वारीघाट. अण्णांच्या सदऱ्यांना बारीक बारीक छिद्रे, सोल्डरचे थेंब उडून पडलेली, आणि कपड्यांना राळेचा वास. "धुतलं तरी जायचा नाही." आत प्रयोगशाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी कोणत्याही व्हॉल्व्हने सांगितली नसती. लग्न झाले १९५३ मध्ये, त्या वेळी अण्णांना मिशी नव्हती. "मिशी नंतरची. मी म्हटलं म्हणून ठेवली." एवढे म्हणून त्या हसल्या. म्हणजे फोटो १९५३ च्या नंतरचा.

आणि दुसरी कड? तीही आजींनीच दिली. पहिल्या बाळंतपणाला त्या नागपूरला माहेरी आल्या. मुलगा झाला, आणि त्याच दिवसांत दसऱ्याला गावात एवढी माणसे आली की पाय ठेवायला जागा नव्हती. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानाकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसांची रांग. तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा. "मग महिन्याभरानं हेच आले, ते कायमचे. म्हणाले, आपण आता मुंबई राज्यात."

राज्यपुनर्रचनेच्या वेळी सरकारी नोकरांचीही वाटणी झाली होती. आजींनी कॉटखालून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. रेशनकार्डे, कुंडल्या, विम्याच्या पावत्या, आणि त्यांच्या खाली घडीवर फाटलेले एक सरकारी पत्र. अण्णांना मुंबई राज्याच्या वाट्याला दिल्याचे. त्यात नोकरी १९५१ पासूनची लिहिली होती, जागा जबलपूरचे कॉलेज. आणि हुद्दा : मेकॅनिक, टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरी.

खोली गप्प झाली. नातवाचे वडील, म्हणजे तोच १९५६ साली जन्मलेला मुलगा, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते पत्र घेऊन खिडकीपाशी गेले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "सर, सगळ्या सोयऱ्यांना माहीत आहे की अण्णा विलायतेला इंजिनिअर होते. आता मेकॅनिक म्हणून छापायचं?" नातवाने नागपूर विद्यापीठाच्या पदवीधरांत अण्णांचे नाव आधीच शोधले होते; ते मिळाले नाही, तेव्हा त्याने मनाशी समजूत घातली होती की पदवी विलायतेची असेल. जबलपूरची कॉलेजे त्या काळी सागर विद्यापीठाकडे होती, तेव्हा नागपूरच्या यादीत तेथल्या विद्यार्थ्याचेही नाव सापडले नसते. पण पत्र हातात आल्यावर पदवीचा प्रश्नच उरला नाही.

मी त्यांना उत्तर दिले नाही. माझे रेडिओवाले स्नेही बरोबर होते, त्यांनी दिले. ते फोटोतल्या टेबलांकडे बोट करून सांगू लागले. "हा मीटर पाहा. पोरगा पट्टा चुकवून दोनशे व्होल्टला लावतो, आतली केसासारखी तार जळते. नवा मीटर विलायतेहून यायचा. बोटीनं. तोवर वर्ग बंद ठेवणार? कोणीतरी ती तार पुन्हा गुंडाळायची. हे ट्रान्सफॉर्मर जळायचे, ते हातानं वेढे मोजून पुन्हा भरायचे. पावसाळ्यात कागदी कंडेन्सर ओल धरायचे. व्हॉल्व्ह तर सगळे परदेशी." बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली, आणि व्हॉल्व्ह येथे होऊ लागायला पुढे आणखी वर्षे लागली. तोपर्यंत एकेक व्हॉल्व्ह जपून वापरायचा. "प्रोफेसर शिकवून जायचे, पोरं पास होऊन जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टेबलं चालू करून ठेवणारा हा माणूस. म्हणाले ना ते, विलायतेची यंत्रं माझ्या हाताखाली होती? होतीच की!"

अण्णांचे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होते. त्यातले 'यंत्रं' गळले आणि 'विलायत' राहिली, एवढेच झाले होते.

तरी 'मेकॅनिक' या एका शब्दावर घरात दोन दिवस चर्चा चालली. 'तंत्रज्ञ' लिहावे, 'प्रयोगशाळा-अधिकारी' लिहावे, नुसते 'प्रयोगशाळेत' लिहून सोडून द्यावे, असे नाना पर्याय निघाले. नातवाने मला फोन करून हे सारे सांगितले. शेवटी आजींना विचारले गेले. त्या म्हणाल्या, "पगार त्याच कामाचा यायचा घरात." पुस्तिकेत ओळ छापली गेली ती अशी : 'अण्णा, मेकॅनिक, टेलिकम्युनिकेशन प्रयोगशाळा, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, जबलपूर. १९५३ ते १९५६ च्या दरम्यान.' शेजारच्या पानावर त्यांनी ते सरकारी पत्रही छापले. वडिलांनीच सुचवले, असे नातू म्हणाला.

उरले दहा जण. दोघे अध्यापक आणि आठ विद्यार्थी. ही मुले त्या काळच्या सबंध मध्यप्रदेशातून आलेली असणार. त्यांत नागपूर-वऱ्हाडची, अमरावती-अकोल्याची मुले असण्याचा फार संभव आहे, कारण या विषयासाठी आपल्या मुलांना जवळचे कॉलेज तेच होते. स्टुडिओवाला प्रत्येकाला एकेक प्रत देई. म्हणजे या फोटोच्या आणखी दहा प्रती निघाल्या असतील, आणि सगळ्याच काही फ्रेमवाल्याच्या कात्रीखाली गेल्या नसतील.

तेव्हा श्रोते हो, आपल्या घरी असा फोटो असेल तर पाहून ठेवा. चार लांब टेबले. मागे फळा, त्यावर व्हॉल्व्हची आकृती. डावीकडे गाड्यावर वाटोळ्या काचेचे यंत्र. खाली सतरंजीवर चपला घातलेला एक उंच मुलगा, त्याच्या शेजारी गंध लावलेला दुसरा. खुर्चीवरच्या दोघांपैकी एकाला जाड काड्यांचा चष्मा. उजव्या टोकाला सदऱ्यातले मिशीवाले गृहस्थ, खिशात पेचकस. कोपऱ्यात पांढरा अडतीस. आणि खाली करड्या पुठ्ठ्यावर छापलेली नावे शाबूत असतील, तर ती उतरवून या केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. आजी वाट पाहत आहेत. चपलावाला मुलगा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला येत असे, एवढे त्यांना आठवते. नाव काही केल्या आठवत नाही.